सिंधुदुर्गातले लांब मिशांचे भुंगे: ओळखायचे कसे आणि नोंदवायचे कसे? (भिरूड, रोठा आणि बाकीचे)

घाटाखालची | ९ जून, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. लिहायचं लिहायचं म्हणून दोन पावसाळे गेले, काल रात्री पडवीतल्या दिव्यावर या वर्षीचा पहिला भिरूड (आंब्याचं खोड पोखरणारा भुंगा) आला म्हटलं आता लिहूनच टाकू.

मी कुडाळ तालुक्यात राहते. आमच्या विहिरीकडे एक रायवळ आंबा होता, सासऱ्यांच्या वडिलांनी लावलेला. तीन वर्षांपूर्वी त्याच्या एका बाजूच्या फांद्या वाळायला लागल्या, बुंध्यातून भुसा पडायचा, आम्हाला वाटलं वाळवी. कळलं तोवर झाड गेलं. तोडताना आतून माझ्या मधल्या बोटापेक्षा जाड पांढरट अळ्या निघाल्या, आणि पुढच्या जूनमध्ये त्याच ओंडक्यावर सकाळी एक मोठा राखाडी भुंगा बसलेला, मिशा अंगापेक्षा लांब, मानेवर दोन नारिंगी डाग. हातात घेतला तर चुर्र चुर्र असा आवाज करायला लागला. ज्याने आमचं झाड खाल्लं तो हा, पण खरं सांगते, इतका देखणा किडा मी त्याआधी पाहिला नव्हता. तेव्हापासून वही केली.

वहीत आता १९ वेगवेगळे आहेत असं माझं मत, त्यातली खात्रीची नावं फक्त ८. बाकीच्यांना मी नुसते नंबर दिलेत. हा धागा तीन कारणांसाठी काढतेय. एक म्हणजे आपल्या जिल्ह्यात (आठही तालुके, सावंतवाडीपासून वैभववाडीपर्यंत) कुणाला असे भुंगे दिसत असतील तर इथे टाका. दुसरं, नोंद करायची म्हणजे नेमकं काय काय लिहायचं, नंतर कुणाच्या उपयोगी पडेल अशी, ते जाणकारांनी सांगा. आणि तिसरं, माझे अडलेले दोन:

नंबर ७: साधारण साडेतीन सेंमी, तपकिरी, पाठीवर मखमल असल्यासारखी, उजेड फिरवला की चमक जागा बदलते. दिव्यावर येतो. एकदा जांभळीच्या वाळक्या फांदीवर दिसला.

नंबर ११: जेमतेम सेंटीमीटरभर, काळपट, अंगभर बारीक पांढरे ठिपके. पडवळाच्या मांडवावरच मिळतो, दुसरीकडे कधीच नाही. याच्या मिशा फार लांब नाहीत म्हणून हा यातला आहे की नाही इथपासून शंका.

फोटो खाली जोडलेत.

देवगड_कलमवाला | ९ जून, रात्री ११:०२

पहिला फोटो भिरूडच. बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. आमच्या कलमांचा एक नंबरचा शत्रू, विशेषतः जुन्या बागांत. मादी सालीला जबड्याने चीर पाडून अंडं घालते, अळी आत शिरते आणि मग महिनोन्महिने आतून बोगदा करत जाते, बाहेर फक्त भोकाशी भुसा आणि कधी चिकट रस. आमचे वडील लवचिक तार घालून अळी ओढून काढायचे आणि भोकात बोळा कोंबून वर मातीचा लेप द्यायचे, आजही लवकर सापडलं तर हेच काम येतं. उशीर झाला की काही उपयोग नाही.

ताई रागवू नका पण दिव्यावर आलेला भिरूड मी वहीत लिहीत बसत नाही, मारतो. एक मादी शंभरावर अंडी घालू शकते.

घाटाखालची | ९ जून, रात्री ११:२०

रागवायचं काय त्यात दादा, माझं झाड गेलंय. कलमांच्या बागेत मारायलाच हवा. फक्त मारायच्या आधी तारीख लिहून ठेवा ना. तुमच्या बागेत पहिला भिरूड कुठल्या तारखेला आला, पाऊस कधी लागला होता, एवढं पाच वर्षं लिहिलं तर खोडं कधी तपासायची ते तुम्हालाच नेमकं कळेल.

देवगड_कलमवाला | १० जून, सकाळी ६:४५

हे पटलं. मागच्या वर्षी पहिला पाऊस पडून आठवडा व्हायच्या आत आला होता एवढं आठवतंय, तारीख नाही. या वर्षीपासून लिहितो.

रानवाटा | १० जून, दुपारी १:३०

फार चांगला धागा, वाचनखूण साठवली. मी पुण्यात असतो, कीटकांचा शिकलेला अभ्यासक नाही, पण या कुळामागे (सेरँबिसिडी) गेली बारा-तेरा वर्षं आहे, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

आधी नंबर ११, कारण तो सोपा आहे आणि तुमच्या वहीनेच तो सोडवलाय. ॲपोमेसायना, बहुधा ॲपोमेसायना सॅल्टेटर. याची अळी भोपळा, पडवळ, दोडका, परवल असल्या वेलांच्या खोडात वाढते. म्हणजे "पडवळाच्या मांडवावरच मिळतो" हे तुमचं एक वाक्य फोटोपेक्षा जास्त बोलतं. वेलाच्या गाठी सुजलेल्या, तडकलेल्या दिसतात का बघा, तिथे चिरली तर अळी मिळेल. आणि मिशा आखूड असल्या तरी हा याच कुळातला. नाव "लांब मिशांचा" असलं तरी मिशीच्या लांबीवर जाऊ नका. बघायचं असं, की डोळा गोल आहे का मुरुडशेंगेसारखा... नाही, उपमा चुकली, काजूच्या बीसारखा खाचा पडलेला. या कुळात बहुतेकांचा डोळा मिशीच्या बुडाला वळसा घालून जातो. आणि पायाच्या पंजाचे पेर मोजले तर चार दिसतात (खरे पाच असतात, चौथा इतका बारीक की भिंगाशिवाय दिसत नाही).

मग पोटकुळं. आपल्याकडे तीन मोठी ध्यानात ठेवली तरी पुष्कळ. चेहरा सरळ खाली उतरलेला, चरणाऱ्या बैलासारखा, तर लॅमिनी. भिरूड हा लॅमिनी, तुमचा नंबर ११ सुद्धा. चेहरा पुढे किंवा तिरका आणि मान गोलसर, बाजूला धारदार कडा नाही, तर सेरँबिसिनी, काजूचा रोठा यात येतो. आणि मानेच्या दोन्ही बाजूंना चपटी कडा, तिच्यावर दाते, जबडे मोठे, रंग बहुतेक एकसारखा काळपट तपकिरी, तर प्रायोनिनी. आपल्याकडचा अकँथोफोरस सेराटिकॉर्निस हा त्यातला राजा, सात-आठ सेंमीचा, मिशा करवतीसारख्या. सिंधुदुर्गात कुणाला पावसाळ्यात दिव्यावर दिसला तर जरूर कळवा, पण बोट सांभाळून, चावला तर रक्त काढतो.

आता नंबर ७. ही चमक म्हणजे बारीक रेशमी लव, ती वेगवेगळ्या दिशेला झोपलेली असते म्हणून उजेड फिरला की डाग सरकल्यासारखे वाटतात. एओलेस्थेस होलोसेरिसिया असण्याची शक्यता खूप (आताच्या याद्यांत याला ट्रायरॅकिस म्हणतात, नावं बदलत राहतात). पण तशाच मखमलीची आणखी मंडळी आहेत आणि तुमच्या फोटोत मानेवरच्या सुरकुत्या दिसत नाहीत, मिशीचे पेर दिसत नाहीत. मी असतो तर "एओलेस्थेस गटातला" एवढंच लिहून पुढे गेलो असतो. वंशापर्यंत थांबलेली खरी नोंद ही जातीपर्यंत ओढलेल्या अंदाजापेक्षा चांगली, कारण अंदाज एकदा यादीत शिरला की पुढचे दहा जण त्याच्याकडे बघून आपला भुंगा ओळखतात.

यात आपली एक अडचण समजून घ्या. भारतात या कुळाच्या दीड हजारांवर जातींची नोंद आहे. गाहान या अभ्यासकाचं १९०६ सालचं 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेतलं पुस्तक अजूनही आपण वापरतो, नेटवर फुकट मिळतं. पण त्यात लॅमिनी नाहीत. त्यांचा भाग त्या मालिकेत आलाच नाही. म्हणजे ज्या पोटकुळात सगळ्यात जास्त जाती, बारीक, करड्या, एकमेकींसारख्या, त्यांच्यासाठीच जुनी किल्ली (लक्षणांवरून पायरी-पायरीने नाव शोधायची यादी) नाही. त्यामुळे लॅमिनीत नाव नाही मिळालं तर तुम्ही कमी पडलात असं बिलकुल समजू नका.

वेताळबांबर्डेकर | १० जून, संध्याकाळी ७:१५

आमच्या हय काजीक रोठो लागलो काय पानां पिवळी पडतत आणि बुंध्याकडे डिंक नि भुसो दिसता. सवयीने मालवणीत सुरू केलं, पुढे सगळ्यांना कळेल असं लिहितो.

रोठ्याबद्दल सांगायचं म्हणजे हा भिरूडाच्या बरोबर उलट्या मोसमात. आमच्याकडे थंडी सरली की पाऊस लागेपर्यंत याचे भुंगे, त्यामुळे ज्यांना वाटतं हे किडे फक्त पावसात त्यांनी मार्च-एप्रिलमध्ये काजूचे बुंधे बघावेत. लालसर तपकिरी, डोकं-मान काळपट. अंडी तांदळाच्या दाण्यासारखी, जमिनीलगत सालीच्या भेगेत किंवा उघड्या पडलेल्या मुळावर. अळी साल आणि लाकडाच्या मधला भाग गोल फिरून खाते आणि एकदा का पूर्ण वेढा झाला की एवढं मोठं झाड उभ्या उभ्या वाळतं.

पण मला वेगळंच सांगायचंय. मेलेल्या काजीचं खोड फोडताना आत चुन्याच्या डब्या मिळतात, पांढऱ्या, अंड्याच्या कवचासारख्या, लांबट. लहानपणी आम्ही त्या गोळा करायचो, कुणाला माहीत नव्हतं काय ते. रोठ्याची अळी कोषात जाताना ही डबी बनवते, आत भुंगा तयार होऊन बसतो. अशी डबी फोडून आतला भुंगा बघितला ते आजही आठवतं. या डब्यांची नोंद चालते का? भुंगा न बघता?

रानवाटा | १० जून, रात्री ८:००

का नाही चालणार, उत्तम नोंद आहे. झाड काजू, खोडात चुन्याचा कोष, तारीख, गाव. नुसतं "कोष, भुंगा पाहिला नाही" हे स्पष्ट लिहा. भुंगा वर्षातला थोडाच काळ दिसतो, पण अळीचा भुसा, बोगदा, बाहेर पडायचं भोक वर्षभर असतं. लांब मिशांच्या भुंग्याचं भोक गोल किंवा लंबगोल, आणि ते चकचकीत रत्नभुंगे असतात ना त्यांचं चपटं, एका बाजूने सपाट.

शाळेतली_बाई | ११ जून, दुपारी ४:२०

आमच्या सातवीच्या मुलांना हे वाचून दाखवलं. आज लगेच तिघांनी भिरूड म्हणून माहिती आणली. एकाने माडावरचा गेंडा भुंगा आणला (शिंग नाकावर होतं). दुसऱ्याने शेणखतातली जाड पांढरी अळी. तिसरी मुलगी म्हणते त्यांच्या आंब्याच्या सालीवर भुशाची जाळी आहे, कोळ्याच्या जाळ्यासारखी लांब पट्टी. यातलं किती बरोबर?

देवगड_कलमवाला | ११ जून, संध्याकाळी ५:००

बाई, शेणखतातली अळी इंग्रजी सी सारखी वळलेली आणि पुढे सहा पाय असतील तर ती गेंडा भुंग्याची. भिरूडाची अळी सरळ असते, पेरापेराची, मानेकडे रुंद आणि पाय जवळजवळ नाहीतच. आणि सालीवर भुशाची रेशमी जाळी म्हणजे साल खाणारी अळी, ती पतंगाची. भुंग्याचा काही संबंध नाही. भिरूडाच्या भुशाला जाळी नसते, तो सुटा पडतो. या दोन्हींत बागायतदारसुद्धा गल्लत करतात आणि चुकीचं औषध मारतात, माझ्याही घरी झालंय, दुकानात भुसा दाखवला आणि जे दिलं ते दोन वर्षं मारत होतो.

घाटाखालची | ११ जून, संध्याकाळी ५:३०

बाई, तिन्ही मुलांना शाबासकी द्या हो. आणि त्या मुलीने जे बघितलं ते तिच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या, "कोळ्याच्या जाळ्यासारखी लांब पट्टी" यापेक्षा चांगलं वर्णन मी वाचलेलं नाही.

सोयाबीनवाला_लातूर | १२ जून, सकाळी ८:१०

तुमच्या जिल्ह्याचा धागा आहे तरी शिरतोय. काल बायको म्हणाली हे चक्री भुंग्याचंच चाललंय का, म्हणून शोधलं तर खरंच की, सोयाबीनवरचा चक्री भुंगा (ओबेरिओप्सिस ब्रेव्हिस) याच कुळातला निघाला. पंचवीस वर्षं सोयाबीन करतोय, चक्री भुंगा शब्द रोज तोंडात, पण हा भिरूडाचा चुलतभाऊ हे आज कळलं. किती बारीक असतो हा, सेंटीमीटरच्या आतला.

याची मादी देठावर नाहीतर फांदीवर दोन गोल चक्रं कापते, एकमेकांपासून थोड्या अंतरावर, आणि मधल्या भागात अंडं. वरचा शेंडा सुकतो, खाली अळी खोड पोखरत उतरते. वरचं चक्र कशासाठी आणि खालचं कशासाठी हे कुणी सांगेल का?

रानवाटा | १२ जून, सकाळी ९:४०

या कुळात फांदीला खाच पाडून मग अंडी घालायची पद्धत बऱ्याच जणांत आहे. सर्वसाधारण समज असा की झाडाचा रस-चीक अंड्यापर्यंत पोचू नये आणि अळीला मरगळलेलं लाकूड मिळावं. दोन चक्रांतलं कुठलं नेमकं काय करतं यावर मी काही ठाम बोलणार नाही. पण तुम्ही ज्या शेतात रोज उभे असता तिथे मोजण्यासारखं बरंच आहे, चक्रांमधलं अंतर, जमिनीपासूनची उंची, पेरणीनंतर कितवा दिवस.

द्राक्षबाग | १२ जून, दुपारी १२:१५

नाशिककडून हजेरी. आमच्याकडे तर या कुळाचे तीन-तीन पाहुणे. स्थेनिआस ग्रायसेटर रात्री वेलीला गोल कापतो, सकाळी वरचा भाग मान टाकून. सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर, जो मुळात बाभळीचा. आणि सगळ्यात वाईट स्ट्रोमॅटियम बार्बेटम, हा कोरड्या लाकडाचा किडा, जुन्या बागांच्या वाळक्या खोडात शिरतो आणि त्याचा भुसा आतच घट्ट भरलेला राहतो, बाहेर काही दिसत नाही. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे लोक खोडावरची सैल साल काढून टाकायला सांगतात कारण अंडी तिच्याखाली घातलेली असतात, ते आम्ही करतो आणि फरक पडतो.

याच स्ट्रोमॅटियमने आमच्या आजीच्या लाकडी कपाटालाही भोकं पाडली होती. तेव्हा कपाटातून निघालेला भुंगा तुमच्या गावातला धरायचा की जिथून लाकूड आलं तिथला?

घाटाखालची | १२ जून, दुपारी १२:५०

अरे हा प्रश्न मलाही पडलेला, आमच्याकडे वखारीतून आलेल्या जळणातून निघतात.

सेव्हर्नकाठी | १२ जून, संध्याकाळी ६:०५ (इंग्लंडहून)

मी मूळची कणकवलीची, सध्या इंग्लंडमध्ये श्रॉपशर नावाच्या शेतीप्रधान जिल्ह्यात. इथे प्रत्येक काउंटीला एकेका गटासाठी स्वयंसेवक नोंदकर्ता असतो, आलेली प्रत्येक नोंद तो फोटो बघून मान्य करतो किंवा परत विचारतो. कपाट-वखारीच्या प्रश्नावर इथलं उत्तर असं की नोंद करायची पण "लाकडाबरोबर आलेला" असा शेरा मारूनच, म्हणजे पुढे नकाशात तो स्थानिक म्हणून मोजला जात नाही.

इथे सगळ्या देशात मिळून सत्तरच्या आसपास जाती, आपल्यापुढे काहीच नाहीत. जून-जुलैत हॉगवीडच्या पांढऱ्या फुलांच्या छत्र्यांवर पिवळा-काळा रुटपेला मॅक्युलाटा रांगेने बसलेला असतो, गांधीलमाशीसारखा दिसणारा क्लायटस एरिएटिस असतो. मी फुलांवर बघायला इथे शिकले. आपल्याकडे दिव्यावर आणि झाडावर बघतात, फुलांवर फार कुणी बघत नाही, ते करून पाहा.

आणि एक गोष्ट मला फार आवडली ती सांगते. इथे वॉटसन नावाच्या वनस्पतीवाल्याने १८५२ मध्ये ब्रिटनचे नोंदीसाठी भाग पाडले, एकूण ११२, आणि नंतर सरकारने जिल्ह्यांच्या सीमा कितीही बदलल्या तरी नोंदवणारे ते जुने भागच वापरतात. त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वीची नोंद आणि आजची शेजारी ठेवता येते. आपल्याकडे सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला झाला. त्याआधीच्या एखाद्या संग्रहालयातल्या भुंग्याच्या चिठ्ठीवर नुसतं "रत्नागिरी" असेल तर तो मंडणगडचा आहे की सावंतवाडीचा?

रानवाटा | १२ जून, रात्री ९:१५

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. म्हणूनच नुसता जिल्हा नाही, गाव, वाडी आणि फोनवर दिसणारे अक्षांश-रेखांश. जिल्हे-तालुके बदलतील, आकडे तिथेच राहतील.

घाटाखालची, तुम्ही विचारलेलं नोंदीचं सांगतो. तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा, ६/७ म्हणजे जून की जुलै यावर मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवलीय. कुठे होता ते लिहा: दिव्यावर, जिवंत झाडावर, मेलेल्या फांदीवर, पानावर. दिव्यावर आलेला भुंगा कुठून आला ते कळत नाही, म्हणून झाडावरची एक नोंद दिव्यावरच्या दहांच्या तोडीची. झाडाचं नाव खात्रीचं नसेल तर झाडाचाही फोटो, पान आणि साल दोन्ही. मोजायला शेजारी पट्टी ठेवा, नसेल तर दहा रुपयांचं नाणं चालेल, ते २७ मिमीचं. भुंग्याचे फोटो किमान चार: वरून, बाजूने, समोरून चेहरा, आणि मिशीचं बूड जवळून. पोटाकडूनही जमला तर घ्या. मिशा पूर्ण आल्या पाहिजेत, नर-मादी बऱ्याचदा त्यावरच कळतात, भिरूडाच्या नराच्या अंगापेक्षा चांगल्याच लांब असतात.

आणि ज्या रात्री दिवा लावून बसलात आणि काहीच आलं नाही तीही रात्र लिहा. ही सवय लावायला मला चार वर्षं लागली, आधीच्या सगळ्या वह्या वाचताना आता कळत नाही की त्या महिन्यात भुंगे नव्हते की मी बसलो नव्हतो.

आंबोली_धुकं | १३ जून, सकाळी ७:३०

दिव्याबद्दल माझे दोन शब्द. पांढरी चादर दोरीवर, खालचा भाग जमिनीवर पसरलेला, समोर दिवा. अमावस्येच्या आसपासच्या रात्री, वारा नसलेल्या, पाऊस पडून थांबलेल्या, हवा दमट. बरेच मोठे भुंगे चादरीवर न बसता आजूबाजूला गवतात धपकन पडतात, त्यामुळे पाय टाकताना टॉर्च मारा. दोन-तीन तासांनी दिवा बंद करा, नाहीतर सकाळी पक्षी येऊन सगळं साफ करतात.

राखीव जंगलात, अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय दिवा लावणं, काही उचलणं हे करू नका. घरचं परसू, गावचा रस्ता, बाग यातच इतकं मिळतं की जन्म पुरणार नाही.

गडचिरोलीहून | १३ जून, सकाळी १०:५०

मोठ्या जंगलातली एक आठवण. साल वृक्षाचा बोरर (खोड पोखरणारा भुंगा), होप्लोसेरँबिक्स स्पिनिकॉर्निस, याची १९९७ च्या सुमाराला मध्य प्रदेशच्या सालवनांत भयंकर साथ आली होती, लाखो झाडं गेली. आमचे एक नातेवाईक तेव्हा तिकडे वनमजूर होते. ताजं सालाचं झाड पाडून ओंडके करायचे, टोकं ठेचायची म्हणजे रस सुटतो, त्या वासाने भुंगे लांबून येतात आणि रस पिऊन सुस्त पडतात, मग गावकऱ्यांनी ते वेचायचे, वेचण्याचे पैसे मिळायचे. डबे भरभरून भुंगे असं ते सांगतात. पण हाच किडा इतर वर्षी जंगलात मेल्या-मोडक्या झाडांवर गुपचूप राहत असतो, झाडाझुडपांचा कुजका भाग मातीत मिळवायला मदत करतो. किती वाढला म्हणजे साथ, हे कळायलाच साध्या वर्षांच्या नोंदी लागतात, आणि साध्या वर्षी कुणी मोजत नाही.

शाळेतली_बाई | १३ जून, दुपारी ३:४०

ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असते, २००२ च्या जैवविविधता कायद्यातली. आमच्या गावची मी मागून घेऊन बघितली. त्यात झाडं आहेत, मासे आहेत, औषधी वनस्पती आहेत. कीटकांच्या पानावर "मधमाशी, फुलपाखरू, मुंगी" एवढंच. भिरूड नाही, रोठा नाही. गावातल्या प्रत्येक माणसाला माहीत असलेला किडा गावच्या वहीत नाही. ग्रामसेवकांशी बोलले, समितीच्या पुढच्या बैठकीत मुलांनी केलेली यादी ठेवायला हरकत नाही म्हणाले.

घाटाखालची | १३ जून, दुपारी ४:००

बाई!! हे झालं तर या धाग्याचं सोनं झालं. स्थानिक नाव पहिल्या रकान्यात ठेवा हं, शास्त्रीय नाव दुसऱ्या.

वेताळबांबर्डेकर | २ जुलै, रात्री ९:३०

धागा वर काढतोय. काल रात्री बाजारपेठेतल्या दिव्याखाली एक मेलेला मिळाला, गाडीखाली आलेला, तरी ७ सेंमी भरला. एकरंगी काळपट तपकिरी, मानेच्या कडेला काटे, मिशा करवतीसारख्या. फोटो जोडलेत, एका बाजूचे पाय नाहीत. रानवाटा, हा तोच का?

रानवाटा | २ जुलै, रात्री १०:१०

अकँथोफोरस. मिशा बघून सेराटिकॉर्निस म्हणायला मला अडचण वाटत नाही. मेलेला म्हणून टाकू नका, कागदाच्या पुडीत कोरडा ठेवा, आत चिठ्ठी पेन्सिलीने लिहून. शाई ओलीने फुटते.

घाटाखालची | १९ जुलै, सकाळी ७:५०

मंडळी, मला राहवत नाहीये.

फेब्रुवारीत उंबराची एक फांदी मोडून पडली होती, सालीखाली बारीक बोगदे दिसले म्हणून तिचे हातभर तुकडे करून मी प्लास्टिकच्या बादलीत घातले आणि वर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधून गोठ्याच्या पडवीत ठेवले. आठवड्यातून एकदा पाण्याचा हलका हबका, अगदी सुकू नये म्हणून. घरचे रोज विचारायचे यात काय आहे. पाच महिने काहीच नाही. वहीत दर रविवारी "उंबर बादली: काही नाही" असं लिहिलंय, मोजलं तर २१ वेळा.

आज सकाळी मच्छरदाणीला आतून दोन लटकलेले. नाजूक, बारीक अंगाचे, तपकिरी, पाठीवर पांढरे गोल ठिपके, मिशा अंगाच्या दुपटीपेक्षा लांब. हा माझा नंबर १४! दोन वर्षांपूर्वी दिव्यावर एकदाच आला होता, फोटो हललेला.

रानवाटा | १९ जुलै, सकाळी ८:०५

ओलेनेकँप्टस. ठिपक्यांवरून बायलोबस वाटतो, ठिपके मोजून वरून एक सरळ फोटो टाका म्हणजे नक्की सांगतो. दिव्यावर आलेल्याचं झाड माहीत नव्हतं, आता झाडासकट नोंद मिळाली, आणि ती तुमच्या गोठ्यात. त्या तुकड्यांना अजून ठेवा, उरलेले महिनाभर येत राहतील. त्यांच्यावर जगणारी बारीक गांधीलही निघू शकते, तीही टाकू नका.

घाटाखालची | १९ जुलै, सकाळी ८:४०

वहीतलं जसंच्या तसं देते:

"१९ जुलै. कुडाळ तालुका, घरचा गोठा. उंबर, पडलेली फांदी, १७ फेब्रुवारीला बादलीत घातलेली. २ भुंगे, दोन्ही जिवंत, १५ मिमी आणि १७ मिमी. प्रत्येक पंखावर ठिपके ४. पाऊस रात्रभर. ओलेनेकँप्टस, जात तपासायची आहे. फोटो ६. एक सोडला उंबरावर सकाळी ८:३०, लगेच सालीच्या भेगेत गेला. दुसरा अजून मच्छरदाणीवर."

सरळ फोटो दुपारी टाकते, उजेड आला की.